दुरडी की तबक? आईचं गाणं नेमकं कोणाला आठवतंय?

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून) :

आम्ही दोघी बहिणी. मी मोठी, ती माझ्याहून सात वर्षांनी लहान. आई दोन वर्षांपूर्वी गेली. यंदा नवरात्रात माझ्या सुनेनं सोसायटीत भोंडला करायचं ठरवलंय. त्यातूनच आजीच्या गाण्यांची छोटी वही छापून सगळ्यांना वाटू या, अशी कल्पना निघाली. पहिलंच गाणं घेतलं ‘अक्कणमाती चिक्कणमाती’ आणि तिथंच अडलं. माझ्या आठवणीत मातीनंतर खड्डा खणतात, त्यात जातं रोवतात, सपीट काढतात, करंज्या करतात, दुरडीत भरतात, शेल्यानं झाकतात आणि पालखीतून माहेरी धाडतात. शेवटी ‘अस्सं सासर द्वाड बाई, कोंडून मारितं’. बहीण म्हणते, खड्डा नव्हेच, ओटा. सपीट नव्हे, रवापिठी. दुरडी नव्हे, तबक. आणि सासरची ओळ आईनं कधी म्हटलीच नाही, गाणं माहेराशी ‘खेळाया मिळतं’वर संपतं. माझं लहानपण सांगली जिल्ह्यातलं. वडिलांची बदली होऊन आम्ही अकोल्याला गेलो तेव्हा ती पाच वर्षांची होती. तिथं आजीही (वडिलांची आई) आमच्याकडे कायमची राहायला आली. मावशी आता ऐंशीच्या पुढं आहे. तिला फोन केला तर ती सगळं नीट म्हणत येते आणि माहेर आलं की भलत्याच गाण्यात, ‘कारल्याच्या वेला’त शिरते. मावसभावानं इंटरनेटवरचं पाठवलं, ते कोणाशीच जुळत नाही. मी बोलून गेले, ‘मी मोठी, मला जास्त आठवतं.’ ती म्हणाली, ‘तू आईचं गाणं बिघडवतेस.’ तेव्हापासून फोन बंद आहे. खरं कोणाचं धरायचं?

उत्तर :

ताई, निकाल हवा असेल तर आधीच सांगते : तो लागणार नाही. या गाण्याला कवी नाही, मूळ प्रत नाही, त्यामुळे पडताळून बघायला जागाच नाही. कुणा कवीची कविता असती तर संग्रह उघडून एका मिनिटात वाद मिटवता आला असता, आणि मिटवावाही. इथं तसं होणार नाही. पण पत्र पुन्हा वाचलं तर एक गोष्ट लक्षात येते. तुम्ही दोघींनी आपापली साक्ष इतकी नेमकी दिली आहे की खरंखोटं ठरलं नाही तरी बरंच काही कळतं.

आधी दोन्ही पाठ शेजारी ठेवून बघा. माती, मग जातं, मग पीठ, मग करंज्या, मग त्या ठेवायचं भांडं, मग शेला, पालखी, माहेर. हा क्रम दोघींचा एकच आहे. एकही टप्पा पुढंमागं झालेला नाही आणि होणारही नाही, कारण पिठाआधी करंजी होत नाही. फरक आहेत ते त्या-त्या जागी काय बसवलं यात. खड्डा की ओटा, सपीट की रवापिठी, दुरडी की तबक. म्हणजे गाण्याचा सांगाडा दोघींनी जसाच्या तसा सांभाळला आणि भरताड तेवढी बदलली.

आणि ती बदलायला गाणंच वाव देतं. एकदा मोठ्यानं म्हणून बघा : ‘अश्शी दुरडी सुरेख बाई’, ‘अस्सं तबक सुरेख बाई’. दोन्ही ठेक्यात बसतात. वस्तूचं लिंग बदललं की अस्सा, अश्शी, अस्सं आपोआप बदलतं, टाळी जिथं पडायची तिथंच पडते आणि पाय अडखळत नाही. फेरातल्या एखादीला ऐनवेळी दुरडी सुचली नाही, तिनं तबक घातलं, तर कोणाला खटकणारही नाही. यमक असतं तर चूक लगेच पकडली गेली असती. इथं यमक नाही, नुसती ‘सुरेख बाई’ची ठोक आहे.

अशा लांबत जाणाऱ्या गाण्यांचे ढोबळमानानं दोन प्रकार असतात. एकात प्रत्येक फेरीला मागचं सगळं पुन्हा म्हणायचं. आपल्याकडे चिमणीच्या दाण्याची गोष्ट अशी सांगतात : खुंटा दाणा देत नाही, सुतार खुंटा फोडत नाही, राजा सुताराला दंड करत नाही, राणी राजावर रुसत नाही, आणि दर नव्या पात्रापाशी मागची सगळी यादी पुन्हा. दुसरा प्रकार तुमच्या गाण्याचा. इथं मागची यादी नाही. फक्त शेवटची कडी धरायची आणि तिच्यात पुढची अडकवायची.

या दोन प्रकारांत विसरण्याच्या जागा वेगळ्या असतात. पहिल्या प्रकारात सुरुवात पक्की राहते आणि शेपूट सुटतं. ‘ट्वेल्व्ह डेज ऑफ ख्रिसमस’ या इंग्रजी गाण्यात हे फार छान दिसतं. सुमारे 1780 मध्ये लंडनमध्ये छापलेल्या पाठात नवव्या दिवशी ढोलवाले येतात, दहाव्या दिवशी पावेवाले, अकराव्या दिवशी नाचणाऱ्या बायका आणि बाराव्या दिवशी उड्या मारणारे उमराव. 1909 मध्ये फ्रेडरिक ऑस्टिन यांनी बसवलेला पाठ आज सगळीकडे गातात. त्यात बायका नवव्या दिवशी, उमराव दहाव्या, पावेवाले अकराव्या आणि ढोलवाले बाराव्या दिवशी. चौघांचीही जागा बदलली, पण पहिल्या दिवसाचा झाडावरचा तितर जागचा हलला नाही. त्याचा उल्लेख बारा वेळा होतो, बाराव्या दिवसाच्या भेटीचा एकदाच. घोकंपट्टीतला हा फरक आहे, दुसरं काही नाही.

तुमच्या गाण्यात प्रत्येक वस्तू जेमतेम दोनदा येते. एकदा मागच्या ओळीच्या शेवटी, एकदा पुढच्या ओळीच्या सुरुवातीला. म्हणजे सगळ्याच कड्या सारख्या कच्च्या. म्हणून तुमचे फरक गाणंभर विखुरलेले आहेत, एका टोकाला गोळा झालेले नाहीत. यात बहिणीची स्मृती कमी आणि तुमची जास्त, असं काही सिद्ध होत नाही.

मावशींचंही असंच. त्यांना भ्रम वगैरे झालाय असं कृपा करून समजू नका. ‘कारल्याचा वेल लाव गं सुने, मग जा आपल्या माहेरा’ हे गाणंही कडीकडीनं पुढं सरकतं, तेही फेरातलंच, आणि त्याच्या प्रत्येक कडीच्या शेवटी माहेर आहे. दोन गाण्यांत एक सामाईक शब्द आला की तिथं रूळ बदलायची सोय होते, आणि मावशींची गाडी दुसऱ्या रुळावर गेली. चाळिशीतल्या बायकांचंही असं होतं. फक्त त्या थांबून ‘अय्या, हे दुसरंच’ म्हणतात.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही दोघी ‘आई असं म्हणायची’ म्हणता. ही गाणी तुम्ही खरंच आईकडून शिकलात का?

ब्रिटनमध्ये आयोना आणि पीटर ओपी या दांपत्यानं सुमारे 5,000 शाळकरी मुलांकडून त्यांची गाणी, कोडी, खेळातले बोल गोळा केले. 1959 मध्ये त्याचं पुस्तक आलं. त्यांना सर्वांत ठळकपणे दिसलं ते हे की असलं बरंचसं वाङ्मय मूल मुलाकडून शिकतं, घरातल्या मोठ्यांकडून नव्हे. आठ वर्षांची मुलगी सहा वर्षांच्या मुलीला शिकवते. आपल्याकडचा फेर आठवून बघा. मध्ये पाटावर हत्ती, भोवती मुली, आई फार तर खिरापतीचा डबा झाकून दारात उभी. गाणं सांगते ती फेरातली सगळ्यांत खड्या आवाजाची मुलगी, बाकीच्या तिच्यामागून. तुम्ही सांगली जिल्ह्यातल्या मुलींच्या हातात हात घालून हादगा खेळलात. तिथं बऱ्याच ठिकाणी हस्त नक्षत्र लागलं की सोळा दिवस खेळतात, पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढवत. (गाण्यांची संख्यासुद्धा साखळीनं वाढवणारी ही कल्पना ज्या कुणा बाईची असेल तिला माझा नमस्कार.) तुमची बहीण वाढली विदर्भात, भुलाबाईत. तिथं भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर भुलाबाई आणि भुलोजीच्या मूर्ती बसवतात, टिपऱ्यांवर गाणी होतात. बरीच गाणी दोन्हीकडे सामाईक, पण म्हणणाऱ्या मुली वेगळ्या. पाच वर्षांच्या मुलीला सांगलीकडचा पाठ फारसा आठवणं शक्य नव्हतं. तिनं शिकलं ते अकोल्याच्या गल्लीत.

पुढं चाळीस वर्षं गेली. गल्लीतल्या मुलींची नावं पुसली गेली, आईचा आवाज राहिला, आणि सगळी गाणी त्या आवाजाच्या नावावर जमा झाली. तुमच्याकडेही असंच झालं असणार.

आईंनी हे गाणं म्हटलंच नाही असं मी म्हणत नाही. म्हटलं असणार, आणि माझा अंदाज विचाराल तर दोन्ही तऱ्हांनी. नव्या गावात गेलेली बाई शेजारणींच्या फेरात उभी राहते तेव्हा ‘आमच्याकडे दुरडी म्हणतात हो’ असं सांगत बसत नाही. तबक तर तबक. त्यामुळे ‘आईचा पाठ’ असा एकच पाठ होता, हे तुमच्या भांडणातलं गृहीतकच मला पटत नाही. बत्तीस वर्षांच्या आईचा एक असेल, चाळिशीतल्या आईचा दुसरा.

बहिणीचं म्हणणं ‘बिघडवतेस’ असं आहे, त्यावरही बोलायला हवं, कारण ते बऱ्याच लोकांचं असतं. परंपरा म्हणजे अक्षर न हलवता पुढं देणं, ही समजूत आपल्यात खोल आहे आणि ती निराधारही नाही. वेदपाठाची परंपरा तशीच आहे. पण तिथं शब्द हलू नये म्हणून काय-काय केलं ते बघा. क्रमपाठात पहिला-दुसरा शब्द, मग दुसरा-तिसरा, मग तिसरा-चौथा. जटापाठात तीच जोडी सुलट, उलट, पुन्हा सुलट. घनपाठात त्याहून गुंतागुंत. म्हणजे प्रत्येक शब्द शेजारच्या शब्दांना इतक्या वेळा बांधलेला की एक जरी हलला तरी लगेच कळावं. आणि त्यासाठी वर्षानुवर्षं समोर बसून चुका काढणारा गुरू. अक्षर न हलवता ठेवायची रीत आपल्याला ठाऊक नव्हती असं नाही. फेरातल्या गाण्यांना ती कुणी लावली नाही, एवढंच. तिथं चुका काढायला गुरू नव्हता आणि खिरापतीची घाई होती.

वहीचं काय करायचं, ते सांगते.

सुरुवातीला एक पथ्य : यापुढं आपापलं गाणं रेकॉर्ड होईपर्यंत इंटरनेटवरचं काही ऐकू नका, एकमेकींना म्हणूनही दाखवू नका. दुसऱ्याचा पाठ चारदा कानावर पडला की तो आपल्या आठवणीत मुरतो, आणि मग ‘अरे हो, असंच होतं की’ असं अगदी मनापासून वाटायला लागतं. मावसभावानं पाठवलेलं तुमचं ऐकून झालंय, त्याला इलाज नाही. निदान बहिणीला पाठवू नका.

मग दोघींनी आपापल्या घरी, वेगवेगळं, फोनवर रेकॉर्ड करायचं. कागद समोर घेऊन लिहायला बसू नका. लिहिताना माणूस विचार करतो आणि विचार करून गाळलेल्या जागा भरतो. उभं राहून, चालत, टाळ्या देत म्हणा. घरात नात असेल तर तिचा हात धरून गोल फिरा. असल्या गाण्यांत पायांच्या तालावर मागची ओळ पुढची ओढून आणते. अडलात तर तिथंच थांबा, अडलेलंही राहू द्या. ‘इथं काहीतरी होतं’ ही नोंद ओढूनताणून घातलेल्या ओळीपेक्षा मोलाची आहे.

मावशींना फोनवर विचारू नका. जा. आणि ‘दुरडी की तबक?’ असं तर मुळीच विचारू नका. वडीलधारी माणसं समोरच्याला हवं ते उत्तर देतात, विशेषतः भाचीला. त्यांना विचारा : तुमच्याकडे हादगा कोणाच्या अंगणात व्हायचा, फेरात कोण-कोण असायचं, गाणं कोण सांगायचं, कुणाच्या घरची खिरापत ओळखता यायची नाही. माणसं आणि जागा आधी आल्या की गाणं त्यांच्यामागून येतं. त्या ‘कारल्याच्या वेला’त शिरल्या तर शिरू द्या, तेही पूर्ण होऊ द्या. थोड्या वेळानं ‘आणि ते मातीचं गाणं?’ म्हणून पुन्हा सुरू करा. दोन्ही वेळचं वेगळं आलं तर दोन्ही ठेवा. त्या आणि तुमची आई एकाच अंगणात वाढलेल्या, तेव्हा तुम्हा दोघींच्याही आधीचा पाठ आज फक्त त्यांच्यापाशी असेल.

वही छापताना समोरासमोरच्या पानांवर दोन पाठ. डावीकडे तुमचा, उजवीकडे बहिणीचा, मावशींचा मिळाला तर तिसरा. प्रत्येकाखाली म्हणणारीचं नाव, गाव आणि अंदाजे साल. एवढीशी ओळ, पण तिच्याविना वहीला अर्थ नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या पुढाकारानं जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. त्यात एकच ओवी दोन गावांत थोडी वेगळी आली तर ती एक करून टाकलेली नाही. कोणी गायली, कुठल्या गावात, हे ओवीबरोबरच नोंदलेलं आहे. तुमच्या वहीला तोच नियम लावा. एक गोष्ट मात्र टाळा : खड्डा तुमचा, रवापिठी तिची, शेवट मावशींचा, असा तिघींचं थोडं-थोडं घेऊन सगळ्यांना खूश करणारा पाठ जुळवू नका. तो कुणीच कधी म्हटलेला नसेल, आणि वीस वर्षांनी तुमची नात तोच ‘आजीचा अस्सल पाठ’ म्हणून पुढं देईल. इंटरनेटवरचे बरेच ‘संपूर्ण पाठ’ मला असेच जुळवलेले वाटतात. तुमच्या मावसभावानं पाठवलेलं कुणाशीच जुळत नाही, त्याचं मला नवल वाटलं नाही.

प्रत्यक्ष भोंडल्यात काय म्हणायचं, हा प्रश्न सोपा आहे. जी सांगेल तिचं. बाकीच्यांनी मागून म्हणायचं. पहिल्या दिवशी तुम्ही सांगा, दुसऱ्या दिवशी बहिणीला बोलवा आणि तिला सांगू द्या. सोसायटीतल्या मुलींना दोन्ही पाठ पाठ होतील, आणि त्यांना त्याचं काही वाटणार नाही. वाटतं ते आपल्याला.

राहिली सासरची ओळ. ही मी वेगळी काढली, कारण दुरडी-तबकाचा फरक आणि हा फरक एका जातीचे नाहीत. वस्तूच्या जागी वस्तू बदलणं सहज होतं. शेवटची अख्खी ओळ गळणं सहसा आपोआप होत नाही, कारण माहेर म्हटलं की सासर जिभेवर येतंच. पत्रात तुम्ही जाता-जाता एक तपशील दिला आहे : अकोल्याला आजी कायमच्या राहायला आल्या. आता बघा. दारात सासू बसलेली, अंगणात पाच-सहा वर्षांची धाकटी फेर धरून गातेय, आणि आईनं ‘अस्सं सासर द्वाड बाई’ शिकवायचं? मला वाटतं, आईंनी ती ओळ घरापुरती गाळली असावी. किंवा आजींनीच कधीतरी भुवई उंचावली असेल. हा निव्वळ तर्क आहे, पुरावा काही नाही. उलटही शक्य आहे, की अकोल्याच्या त्या गल्लीत गाणं तिथंच थांबत असेल. मावशींना विचारून बघा. पण तर्क खरा निघाला, तर तुमच्या बहिणीची साक्षही तंतोतंत खरी ठरते. तिच्यासमोर आईनं ती ओळ कधी म्हटली नाही. तुम्ही जे ऐकलंत तेही खरं.

ओळ वहीत ठेवायची का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण सुनेचा भोंडला म्हटल्यावर तो प्रश्न येणारच. माझं मत : ठेवा. ती काढली तर गाणं चालतं, पण माती कालवण्यापासून पालखी उचलेपर्यंतचा एवढा खटाटोप कशासाठी, ते कळत नाही. करंज्या करण्याची कृती तेवढी उरते. जिला माहेरी जायला ‘मला जायचंय’ म्हणायची सोय नव्हती, तिनं नव्या-नव्या सबबी रचत पालखीपर्यंत मजल मारली, ही त्यातली गंमत आणि त्यातलं दुखणं. लहान मुलींनी ‘कोंडून मारितं म्हणजे काय?’ असं विचारलं तर विचारू द्या. त्याचं उत्तर द्यायला फेरात मोठ्या बायका असतातच. आणि तुमच्या सुनेनं ती ओळ तुमच्याकडे बघत जरा जास्तच जोरात म्हटली, तर तुम्हीही जोरात म्हणा. या गाण्यांत सासूला नावं ठेवायची परवानगी आहे, आणि आजवरच्या सासवांनी ती नावं टाळ्या देत ऐकली आहेत.

शेवटी फोनचं. ताई, स्पष्ट लिहिते, राग मानू नका. ‘मी मोठी, मला जास्त आठवतं’ या वाक्यात तुम्हाला वय म्हणायचं होतं. तिला ऐकू आलं ते असं, की आई तुला सात वर्षं कमी मिळाली. धाकट्यांना हे आधीच माहीत असतं, ते कोणी मोजून दाखवलेलं नको असतं. ‘बिघडवतेस’ हे तिचं उत्तर त्याला होतं, दुरडीला नव्हतं. आणि तिच्याकडे असं काही आहे जे तुमच्याकडे नाही. तुमचं शिक्षण, लग्न होऊन तुम्ही बाहेर पडलात, त्यानंतर त्या घरात आईबरोबर तीच होती. त्या वर्षांतली आई कोणती गाणी म्हणायची, स्वयंपाक करताना काय गुणगुणायची, हे तुम्हाला तिलाच विचारावं लागेल.

म्हणून पुरावे पाठवू नका. हे उत्तरही ‘बघ, काय लिहिलंय’ म्हणून पाठवू नका. आधी तुमचं रेकॉर्डिंग उरकून घ्या, मग फोन करा आणि म्हणा, ‘वहीत तुझं गाणं तुझ्या नावानं घालतेय, तू सांग, मी लिहून घेते.’ ती सांगेल तेव्हा मध्ये बोलू नका. ओट्यापाशीही नाही, तबकापाशीही नाही. ‘खेळाया मिळतं’वर ती थांबली की तिथं पूर्णविराम द्या. आजींचा तर्क तिच्या कानावर घालायचाच असेल तर त्या दिवशी नको. आणि तो सांगताना ‘म्हणून तुला माहीत नाही’ असा सूर लागणार नाही, याची खात्री असेल तरच.

जमलं तर मावशींकडे दोघी मिळून जा, नाही जमलं तर तुम्ही एकट्या जा, पण नवरात्राची वाट बघू नका. वही पुढच्या वर्षीही छापता येईल. दुपारी त्यांची झोप झाल्यावर जा, आणि रेकॉर्डिंग सुरू करण्याआधी पंखा बंद करा.